उजेड वाढवा, हद्द नको!

माणसाच्या डोळ्याला उजेड कमी-जास्त करायचं बटण बसवलेलं नाही. ही परमेश्वराची दूरदृष्टी म्हणायची, की कामाच्या घाईत राहून गेलेली गोष्ट, ह्यावर विद्वानांनी वाद घालावा. माझं मत दूरदृष्टीकडे झुकतं. बटण असतं तर आपण ते वापरल्याशिवाय राहिलो नसतो. शेजारच्या पाहुण्याच्या ताटात पडलेली सुरमईची तुकडी आपल्यापेक्षा मोठी आहे का, हे बघायला झूम वाढवला असता. खोली भाड्याने देताना आपल्या डोळ्याचा काँट्रास्ट आधीच उतरवून ठेवला असता, म्हणजे "ओल? कुठाय ओल?" हे वाक्य अगदी मनापासून म्हणता आलं असतं.

जमीन मोजणाऱ्या यंत्राला मात्र हे बटण आलेलं आहे. एक नव्हे, चांगली पाच-सहा. त्यामुळे कोकणात काय काय होऊ शकतं, हे मी मे महिन्यातल्या एका सकाळी सिंधुदुर्गनगरी ऊर्फ ओरोस इथे फणसाच्या झाडाखाली उभं राहून पाहिलं.

मी तिथे होतो तो भाचा म्हणून. वरचं घर आणि खालचं घर, दोन्हीही माझं आजोळ. मुळात दोघे सख्खे भाऊ, मग चुलत, मग चुलत-चुलत, आणि मग नुसतेच "ते". मधल्या हद्दीवरून दहा वर्षं बोलणं बंद. अशा वेळी कोकणात भाचा फार उपयोगी पडतो. त्याला दोन्ही घरी चहा मिळतो, आणि दोन्ही घरी त्याच्यावर सारखाच अविश्वास असतो.

जुन्या काळी ही हद्द कुठून जाते ह्याची पंचाईत कोणाला पडली नव्हती. जिथे साप शिरतानासुद्धा दोनदा विचार करायचा, तिथे माणूस कशाला रेघ ओढायला जाईल? पण १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला, आणि जिल्ह्याचं ठाणं म्हणून ओरोसचं नशीब उघडलं. मालवणला समुद्रात महाराजांचा किल्ला उभा आहे, नाव त्याचं घेतलं. पण कचेऱ्या आल्या आमच्या माळावर. पुढे कोकण रेल्वे आली, सिंधुदुर्ग नावाचं स्टेशन आलं, मग हायवे चौपदरी झाला. हायवे रुंद होत गेला तशी माणसांची मनं अरुंद होत गेली, असं एक वाक्य मला त्या वेळी सुचलं होतं. पण दोन्हीकडचा चहा चालू राहावा म्हणून मी ते बोललो नाही.

सरकारी मोजणी मागवायच्या आधी आपापसात एकदा बघून घेऊ, असं ठरलं आणि हायवेच्या कामावर अनुभव घेतलेला एक खाजगी मोजणीदार बोलावला. पंचविशीतला मुलगा, घाटावरचा. त्याने आदल्या दिवशी फोनवर सांगितलं, "टोटल स्टेशन घेऊन येतो." ही बातमी वाडीत पसरल्यावर शेजारच्या एका काकांनी मला गाठून विचारलं, "ह्या स्टेशन कोकण रेल्वेचा काय?"

टोटल स्टेशन म्हणजे तीन पायांवर उभी केलेली दुर्बीण. ती कोन मोजते, आणि लेझरचा किरण सोडून अंतरही मोजते. पूर्वी कोनासाठी एक यंत्र आणि अंतरासाठी साखळी लागायची. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद तो गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हा हिशेब ज्यांना तोंडपाठ होता ती माणसं साखळी ओढून ओढून वाकली. आता सगळं एका डब्यात. उपग्रहावरून जागा सांगणारा रोव्हर त्याहून सोपा. पण त्याला डोक्यावर मोकळं आभाळ लागतं. आमच्याकडे डोक्यावर आधी माड, मग आंबा, मग फणस, आणि त्यातून काही उरलंच तर आभाळ. म्हणून टोटल स्टेशन. आणि ह्या मुलाच्या टोटल स्टेशनात कॅमेरा होता. दुर्बिणीला जे दिसतं ते पडद्यावर सगळ्यांना दिसायचं.

घोटाळा नेमका इथे आहे. जुन्या दुर्बिणीत एका वेळी एकच डोळा मावतो. पडद्यात अख्खी वाडी मावते.

मोजणीदाराचा दरारा होता तो त्या एका डोळ्यामुळे. तो भिंगाला डोळा लावायचा, दुसरा मिटायचा, बराच वेळ "हं" म्हणायचा, आणि आकडा सांगायचा. त्याला काय दिसलं हे विचारायची कोणाची छाती नव्हती. विचारलं असतं तर उत्तर ऐकून चक्कर आली असती. कारण जुन्या थिओडोलाइटच्या दुर्बिणीत जग उलटं दिसायचं. माड वर मुळं, खाली शेंडा. चित्र सुलटं करायचं तर आत जास्तीची भिंगं घालावी लागत, आणि प्रत्येक भिंग थोडा थोडा उजेड खाऊन टाकी. तेव्हा मोजणीदारांनी हिशेब केला, की सुलटं आणि अंधुक बघण्यापेक्षा उलटं आणि स्वच्छ बघितलेलं बरं. जन्मभर उलटं जग बघून संध्याकाळी घरी सुलटं चालत जाणाऱ्या त्या माणसांबद्दल मला आदर आहे. भिंगातली बारीक फुली पुष्कळदा कोळ्याच्या धाग्याची असायची. आधी डोळ्याजवळचं भिंग फिरवून फुली ठसठशीत करायची, मग लांबची खूण स्पष्ट करायची, आणि मग मान किंचित हलवून बघायचं. फुली खुणेवरून हलली तर काहीतरी चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. एकाने लावलेलं भिंग दुसऱ्याच्या डोळ्याला चालत नसे. चष्म्यासारखंच.

आणि काँट्रास्ट? त्याची किंमत तर विचारू नका. विल्यम लँबटनने १८०२ साली मद्रासजवळ हिंदुस्थान मोजायला घेतला, तेव्हा त्याच्याकडे सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट होता. मैलोगणती लांबच्या टेकडीवरची खूण धुळीतून आणि उन्हाच्या झळांतून दिसायची नाही. हवा स्वच्छ होते ती पावसात. म्हणून त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट भर पावसाळ्यात कृष्णा-गोदावरीच्या जंगलात शिरला, आणि तापाने इतका खंगला की १८२० साली त्याला हवापालटासाठी आफ्रिकेच्या टोकाला पाठवावं लागलं. चित्र जरा उठावदार दिसावं म्हणून केवढा हा खटाटोप! त्या एव्हरेस्टचं नाव पुढे सर्वात उंच शिखराला लागलं. लँबटन मात्र १८२३ साली मोजणीच्या वाटेवर आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, आणि तिथेच पुरला गेला. आमच्या मोजणीदाराने काँट्रास्ट वाढवला तो करंगळीने, आणि दुसऱ्या हातात सोलकढीचा पेला होता.

बाकी उजेड जुळवण्याची परंपरा आमच्या किनाऱ्याला जुनीच आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नॉर्मन लॉकियर हा शास्त्रज्ञ कॅमेरे घेऊन विजयदुर्गावर येऊन बसला होता. मदतीला इंग्रजी आरमारी जहाजावरचे खलाशी. ग्रहण जेमतेम दोन मिनिटांचं, त्यामुळे सगळ्यांनी कित्येक दिवस रंगीत तालीम केली. त्यांना दोन मिनिटांत सूर्य उरकता आला. आम्हाला एका फणसाला दीड तास लागला. पण त्यांच्याकडे सूर्यावर दोन्ही बाजूंनी हक्क सांगणारे हिस्सेदार नव्हते, हेही लक्षात घेतलं पाहिजे.

काम सुरू करायच्या आधी अर्थातच गाऱ्हाणं झालं. यंत्रासमोर नारळ ठेवला, आणि वाडीतल्या जाणत्या काकांनी हात जोडून आवाज लावला:

"बा देवा म्हाराजा! आज ह्या जागेर तुझी लेकरां जमली हत. ही जी काय तीन पायांची मशिन उभी रवली हा, तिच्या डोळ्यात काय उजेड कमी-जास्त असात, तो सारखो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" वरचं घर आणि खालचं घर दहा वर्षांत प्रथमच एका सुरात म्हणालं.

"ज्याचा त्याका मेळांदे, आणि कोणाच्या मनात वाकडा असात, ता सरळ करून टाक रे म्हाराजा!"

ह्या वेळी "होय म्हाराजा" जरा बेताने आलं.

मग पडद्याभोवती अकरा माणसं जमली. पहिला आक्षेप निघाला रंगावर. आमची माती जांभ्याची, तांबडीलाल. पडद्यावर ती पार राखाडी दिसत होती, आणि पानं भलतीच निळसर. "ही आमची जमीनच नाय!" खालच्या घराने जाहीर केलं. मोजणीदाराने समजावलं, की कॅमेऱ्याची एक समजूत असते. जगातले सगळे रंग एकत्र कालवले तर राखाडी रंग व्हायला पाहिजे, असं तो धरून चालतो, आणि समोर सगळं तांबडंच तांबडं दिसलं की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून तांबडा काढून टाकतो. ह्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. मला तो कॅमेरा एकदम शहरातून आलेल्या जावयासारखा वाटला. सासुरवाडीचं सगळंच त्याला भडक वाटणार, आणि तो सौम्य करत बसणार. मुलाने आपोआपचा व्हाइट बॅलन्स बंद करून यादी उघडली: ऊन, ढगाळ, घरातला दिवा. कोणाचं तरी बोट "घरातला दिवा"वर पडलं, आणि भर उन्हातली बाग चांदण्यात बुडाल्यासारखी निळी झाली. "देवचाराच्या वक्ताक असाच दिसता," म्हणून दोन माणसं मागे सरली. शेवटी "ऊन" लावल्यावर माती पुन्हा तांबडी झाली, आणि जमीन आमचीच आहे ह्यावर एकमत झालं.

दुसरा आक्षेप जास्त खोल होता. मोजणीदाराने ब्राइटनेस वाढवला तसा वरच्या घरातला मधला मामा पुढे आला.

"सायबानू, उजेड वाढवलास मा? आता आमचो गडगो वायच अलीकडे सरकलो!"

"काका, उजेड वाढला की चित्र बदलतं. मोजमाप नाही बदलत."

"चित्र बदलता आणि माप बदलना नाय? ह्या कसा काय?"

मुलगा खरा गुणी. त्याने पडदा पांढरा फटक करून गडग्याच्या कोपऱ्यावर माप घेतलं. मग काळाकुट्ट करून घेतलं. आकडा तोच. कोन मोजणारी चकती यंत्राच्या पोटात, अंतर मोजणारा लेझर वेगळा. पडदा आहे तो फक्त आपण कुठे रोखलंय हे बघण्यापुरता. मामाने दोन्ही आकडे वहीच्या कागदावर लिहून घेतले, एकाखाली एक मांडले, आणि वजाबाकी करून शून्य येतं ह्याची खातरी केली. ते शून्य त्याला मनातून आवडलं नसावं.

आपला मुद्दा पटत नाही असं दिसताच खालच्या घराने झूम मागितला. कॅमेरे दोन होते. एक दुर्बिणीच्या आतून बघणारा, आणि दुसरा तिच्या डोक्यावर बसून सगळा परिसर दाखवणारा. डोक्यावरच्या कॅमेऱ्यात फुली दगडाच्या कडेवर, आतल्या कॅमेऱ्यात चार बोटं खाली! झालं. "दोन डोळ्यांनी दोन तऱ्हा बघता ती मशिन काय कामाची?" मोजणीदाराने सगळ्यांना अंगठा नाकासमोर धरायला लावला, आणि आधी एक डोळा, मग दुसरा मिटायला सांगितला. अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. वरच्या कॅमेऱ्याचा डोळा दुर्बिणीच्या डोळ्यापेक्षा जरा उंचावर, म्हणून जवळच्या वस्तूवर फरक पडतो. अंतर मोजून झालं की यंत्र फुली जागेवर आणतं. फणसाच्या बागेत अकरा प्रौढ माणसं अंगठे समोर धरून आळीपाळीने डोळे मिचकावताहेत, हे दृश्य हायवेवरून जाणाऱ्या एसटीतल्या प्रवाशांनी पाहिलं. त्यांची काय समजूत झाली असेल कोण जाणे.

आता उरला मुख्य प्रश्न. जुन्या कागदांप्रमाणे हद्दीचा दगड फणसापाशी असायला हवा. पण पडद्यावर फणसाखाली नुसता काळोख. कॅमेरा सगळ्या चित्राचा सरासरी उजेड धरतो. मागे मे महिन्याचं झगझगीत आभाळ, म्हणून सावलीतलं सगळं डांबर. मुलाने एक्स्पोजर वाढवत नेलं. आभाळ विरघळलं, माड विरघळले, आणि फणसाखालचा काळोख हळूहळू उजळला. पाचोळा दिसला. कोणीतरी लपवलेली कोयती दिसली, ती उगीच वेगळा विषय निघायला नको म्हणून कोणी ओळखली नाही. आणि बुंध्याला चिकटून एक काळपट, शेवाळलेला दगड दिसला.

"सापडला!" वरचं घर.

"दगड मशिनीतसून काढल्यान!" खालचं घर. "मगाशी नाय होतो. उजेड घालून घालून तयार केल्यान."

ह्यावर मोजणीदाराकडे उत्तर नव्हतं. यंत्र त्या दगडापर्यंतचं अंतर मिलिमीटरात सांगायला तयार होतं. पण हाच तो दगड, हे यंत्र कसं सांगणार? मिलिमीटरचं तरी काय घेऊन बसलात? नकाशा एकास हजारचा धरला, तर त्याच्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अर्धा मीटर होते. एवढ्या रुंदीच्या रेघेत एक म्हैस आरामात बसते. त्या रेघेचा कुठला काठ खरा, हे ज्यांनी ती आखताना पाहिली त्या माणसांना माहीत. आणि त्यांतलं एकच माणूस उरलं होतं. ती म्हणजे थोरली मामी.

मामी ऐंशीच्या पुढची, वरच्या घरची. सकाळपासून पडवीत बसून होती, कारण तिला पडदा दाखवून उपयोग नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिच्या आत सगळी बटणं उतरत आलेली: उजेड कमी, काँट्रास्ट कमी, आणि रंगांवर एक पिवळट झाक. ज्याला दगड दिसत होता त्याला काही आठवत नव्हतं, आणि जिला आठवत होतं तिला दिसत नव्हतं.

"माका धरून व्हरा थय," ती म्हणाली. "माका दगड बघूचो नाय, हात लावूचो असा."

वरच्या घरचा मुलगा एका बाजूला, आणि आश्चर्य म्हणजे खालच्या घरची सून दुसऱ्या बाजूला. मामी फणसाखाली वाकली. पाचोळा बाजूला केला. दगडाच्या माथ्यावरचं शेवाळ अंगठ्याने खरवडत राहिली. काँट्रास्ट कितीही वाढवा, तो शेवाळाच्या खाली पोचत नाही. पडद्यावर आम्हाला तिचा सुरकुतलेला हात मोठा मोठा दिसत होता. आणि मग त्या अंगठ्याखाली, दगडात छिन्नीने कोरलेली जुनी फुली दिसली. पडद्यावरची फुली बरोबर तिच्याशेजारी उभी होती.

"गावली," मामी म्हणाली. "लग्न होवन इलंय त्या वर्सा सासऱ्यांनी हात धरून दाखवलेली. म्हणाले, ह्येच्या पलीकडचो पाचोळो आपलो नाय."

खालच्या घराने ह्यावर काही म्हटलं नाही. वरच्या घरानेही नाही. कारण त्या दगडामुळे वरच्या घराचं दोन हात नुकसान होत होतं, आणि ते सांगणारी मामी वरच्या घरचीच होती.

माप घेतलं. रेघ जुळवली. ती बरोबर फणसाच्या बुंध्यातून गेली. म्हणजे दहा वर्षांचा वाद मिटला, आणि फणस कोणाचा हा नवा सुरू होणार, असं दिसायला लागलं. पण मामीने लगेच निकाल दिला, "फणस आदीपासून दोनय घरांचो. वाटून खावा." मग मोजणीदाराने आठवण म्हणून सगळ्या बागेचा पॅनोरमा घेतला. त्याआधी उजेड आणि रंग एकाच आकड्यावर बांधून टाकले, नाहीतर जोडलेल्या फोटोंची गोधडी होते: एक तुकडा उन्हाचा, एक ढगांचा. तो फोटो संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांच्या मोबाइलवर गेला. प्रत्येकाने आपापल्या आवडीप्रमाणे तो उजळ केला. तीन दिवसांत दगडाची सहा रूपं झाली. आकडे मात्र सगळ्यांकडे एकच राहिले. त्यांना फिल्टर लागत नाही.

यंत्र पेटीत भरताना मामीने त्या मुलाला जवळ बोलावलं. "झिला, मशिनीतलो उजेड वाढवतंस. माझ्या डोळ्यांतलो वाढवशीत काय रे?"

तो गप्प झाला. पण खालच्या घरच्या सुनेने ते ऐकलं, आणि पाऊस लागायच्या आत मामीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. नेण्या-आणण्याची रिक्षा खालच्या घरची, डबा वरच्या घरचा. पट्टी निघाल्यावर मामीला भिंती पांढऱ्याशुभ्र आणि किंचित निळसर दिसू लागल्या. व्हाइट बॅलन्स नुकता बदललेला, चालायचंच. चार दिवसांनी ती काठी टेकत स्वतःच फणसाखाली गेली. दोन्ही घरांची माणसं मागोमाग. तिने दगड निरखून पाहिला. इकडून पाहिला, तिकडून पाहिला. मग मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली,

"एवढोच दगड? आणि ह्येच्यासाठी तुमी धा वर्सा बोलूक नाय?"